आपली पायरी ओळखणे



“पायरी ओळखून राहा” हे शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा कुणाला तरी गप्प बसवण्यासाठी उच्चारले जातात. मोठ्याने लहानाला, मालकाने नोकराला, पैसेवाल्याने गरिबाला ऐकवायचे हे वाक्य आहे. त्यामुळे पायरी ओळखणे म्हणजे खालच्या पायरीवर उभे राहणे, असाच अर्थ आपल्या मनात घट्ट बसला आहे. परंतु माणसाने आपली खरी पायरी शोधावी, ती जशी आहे तशी चारचौघांत सांगावी आणि तिच्यावरच उभे राहावे, हे वाटते तितके सोपे नाही. आज एका खेळाच्या निमित्ताने ह्या प्रश्नाकडे पाहू या. खेळ अमेरिकेतला आहे आणि त्याचे नाव ऐकून काही भगिनींना बरणीतले लोणचे आठवेल. त्याला इलाज नाही, नावच तसे आहे: पिकलबॉल.

१९६५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिॲटल शहराजवळच्या बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॉलम ह्या तीन गृहस्थांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी हा खेळ रचला. कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्सच्या मापाचे, म्हणजे ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. नेट टेनिसच्या नेटपेक्षा किंचित खाली. हातात टेबल टेनिसच्या बॅटहून मोठे पॅडल आणि चेंडू प्लॅस्टिकचा, भोकाभोकांचा. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो. त्याला ते लोक ‘किचन’ म्हणतात आणि त्या किचनमध्ये उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायला बंदी असते. त्यामुळे नुसत्या ताकदीचे इथे फारसे चालत नाही. सत्तरीच्या आजी पंचविशीच्या नातवाला घाम फोडू शकतात, आणि हा खेळ इतका पसरला त्याचे एक कारण हेच असावे. आपल्याकडे तो आणण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना देतात. त्यांनी २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल असोसिएशनची स्थापना केली. आपणापैकी ज्यांची मुले-सुना अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत, त्यांनी फोनवर हे नाव नक्की ऐकले असेल.

आता प्रश्नाकडे वळू. तिकडे हौशी खेळाडूंच्या भरपूर स्पर्धा होतात. सर्वांना एकाच गटात घातले तर पहिल्याच फेरीत निम्मे लोक रडकुंडीला येतील, म्हणून कौशल्याप्रमाणे गट पाडतात: ३.०, ३.५, ४.०, ४.५, ५.० असे. तिथल्या मुख्य संघटनेने (तिचे आजचे नाव ‘यूएसए पिकलबॉल’, हे २०२० पासूनचे) प्रत्येक पायरीचे वर्णनही करून ठेवले आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर ३.० चा खेळाडू मध्यम गतीचा चेंडू परत करतो, पण चेंडू कुठे पडेल ह्यावर त्याचा ताबा नसतो. ३.५ वाल्याला सावकाश खेळायचे महत्त्व कळू लागलेले असते, नेटवरून अलगद चेंडू टाकणे त्याला जमते, पण सातत्य नसते. ४.० वाल्याला कोणता चेंडू मारायचा आणि कोणता मारायचा नाही हे कळते आणि बहुतेक वेळा तसे करताही येते. वर्णने वाचायला सुबक आहेत. पण गंमत अशी की ती वाचून प्रत्येक जण आपल्याला हवी ती पायरी स्वतःला देऊ शकतो.

म्हणून मग आकडे आले. २०२१ पासून ‘ड्यूपर’ नावाची पद्धत सुरू झाली. त्यात २ ते ८ ह्या पट्टीवर प्रत्येक खेळाडूचा आकडा निघतो, तोही दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत! खेळलेल्या सामन्यांचे निकाल आणि समोरच्यांची पातळी ह्यांवरून संगणक हिशेब मांडतो. साधारण रीत अशी की आपल्या आकड्याहून वरच्या गटात नाव देता येते, खालच्या गटात देता येत नाही. डबल्समध्ये जोडीतला जो वरचढ, त्याच्या आकड्यावरून जोडीचा गट ठरतो. झाले, प्रश्न सुटला असे वाटेल. पण संगणकाला तेवढेच ठाऊक असते जेवढे आपण त्याला सांगतो.

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. वसईत असताना बॅडमिंटन बरे खेळायचा. तीन-चार वर्षांपूर्वी त्याने पिकलबॉल सुरू केले. सुरुवातीच्या हिवाळ्यात काही सामने नोंदवले, त्यांत हारच जास्त, आणि आकडा ३.६ वर थांबला. त्यानंतर तो आठवड्यातून तीन दिवस सार्वजनिक बागेतल्या कोर्टावर खेळतो, पण ते सामने कोणी नोंदवत नाही. आता ४.० च्या लोकांशी त्याची बरोबरी होते, कधी कधी तो त्यांना हरवतोही. एका रविवारी त्याचा फोन आला.

“मामा, एका स्पर्धेत नाव द्यायचे आहे. माझ्या आकड्याने मी ३.५ च्या गटात बसतो. क्लबमधले सगळे म्हणतात, तिथेच खेळ, पदक नक्की. पोरांनाही दाखवता येईल.”

“मग अडचण काय?”

“अडचण अशी की नियम मी मोडत नाही, पण मनाला पटतही नाही. तुम्हीच सांगा, ह्यात खोटे नेमके कुठे आहे?”

बंधुभगिनींनो, प्रश्न लहान वाटतो. एक पत्र्याचे पदक, त्याला एक रिबीन, ह्यापलीकडे बक्षीसही नसते. पण भाच्याने नेमक्या जागी बोट ठेवले होते: नियमात बसणारी गोष्ट खोटी असू शकते का?

संत ऑगस्टीन यांनी इ.स. ३९५ च्या सुमारास खोटे बोलण्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यातला एक विचार इथे फार उपयोगी पडतो. खोटे हे केवळ शब्दांत नसते. मनात एक आणि बाहेर दुसरे असेल, आणि तेही समोरच्याला फसवण्याच्या हेतूने, तर ते खोटे. म्हणून एखादा माणूस चुकीची गोष्ट खरी समजून सांगत असेल तर त्याला चुकलेला म्हणावे, खोटारडा म्हणू नये. उलट, शब्दाशब्दाने खरी असलेली गोष्ट सांगूनही फसवता येते. ३.६ हा आकडा खराच आहे, संगणकाने काढलेला आहे. परंतु अर्जावर तो लिहिताना मी माझ्या गटातल्या अनोळखी माणसांना काय सांगत असतो? ‘मी तुमच्यासारखाच आहे’, असे सांगत असतो. हे सांगताना माझ्या मनाला ठाऊक असेल की मी तसा नाही, तर आकडा खरा राहतो आणि सांगणे मात्र खोटे ठरते.

इथे कोणी म्हणेल, मी माझे सामने नोंदवलेच नाहीत, मला माझी खरी पातळी माहीतच नाही. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे प्रकार सांगताना एक प्रकार असा सांगितला आहे की जो माणूस स्वतःहून पत्करतो: कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून कळूच द्यायचे नाही. असे अज्ञान दोष झाकत नाही. जिंकलेले सामने नोंदवायचे नाहीत आणि हरलेले तेवढे आठवणीने नोंदवायचे, असे करणारे महाभाग तिकडे आहेत. काही तर नोंदणीच्या सामन्यात मुद्दाम चेंडू नेटमध्ये मारतात, आकडा वर जाऊ नये म्हणून. अशा माणसाला इंग्रजीत ‘सँडबॅगर’ म्हणतात. जुन्या काळचे लुटारू वाळू भरलेली लहान पिशवी जवळ बाळगायचे, तिच्यावरून हा शब्द आला असे सांगतात. दिसायला निरुपद्रवी, लागायला जड.

परंतु माझ्या भाच्याचा प्रकार इतका सरळ नव्हता, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. बागेतला खेळ आणि स्पर्धेतला खेळ ह्यांत फरक असतो. बागेत समोरचा ४.० वाला गप्पा मारत खेळतो, नवीन फटके करून बघतो, घरी जायची घाई असेल तर अर्धे चेंडू सोडून देतो. त्याला हरवले म्हणजे आपण ४.० झालो असे नाही. स्पर्धेत हात थरथरतो, सर्व्हिस बाहेर जाते, दोन गुण गेले की डोके गरम होते. पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणाऱ्याने खालचा गट निवडला तर त्याला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला खरोखरच आपली पायरी ठाऊक नसते. क्लबमध्ये बसून दुसऱ्यांच्या पायऱ्या ठरवणारे लोक तिकडेही कमी नाहीत. आपल्या गावातल्या पारावर किंवा चर्चच्या आवारात मिस्सानंतर जसे असतात तसेच.

मग शंका असेल तर काय करावे? ह्या खेळाच्या नियमातच एक सुंदर गोष्ट आहे. हौशी सामन्यात बहुधा पंच नसतो. चेंडू आपल्या बाजूला आत पडला की बाहेर, हे आपणच सांगायचे असते. आणि नियम असा की जिथे शंका असेल तिथे निर्णय प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने द्यायचा. चेंडू बाहेर पडल्याचे स्पष्ट दिसले नाही तर तो आत. ‘बहुतेक बाहेर होता’ असे म्हणून गुण घेता येत नाही. टेनिसमध्येही, जिथे पंच नसतो तिथे, हीच रीत आहे. मला वाटते, गट निवडण्याचा प्रश्न हा रेषेवर पडलेल्या चेंडूचाच प्रश्न आहे. तिथेही साक्षीदार मीच, न्यायाधीश मीच आणि लाभ घेणाराही मीच. तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसतो तेव्हा त्याने शंकेचा फायदा स्वतःला देऊ नये, एवढे तरी त्याच्याकडून अपेक्षित असते. मी भाच्याला हेच म्हणालो. तो लगेच म्हणाला, “म्हणजे ४.० मध्ये नाव देऊ?” मी म्हटले, “अरे, थांब. आधी तुझ्या जोडीदाराला विचार.”

जोडीदाराची गोष्ट आपण सहसा विसरतो. त्याचा जोडीदार त्याच्याच कचेरीतला, पन्नाशीचा माणूस, खरोखरच ३.५ चा. भाच्याने सचोटी म्हणून वरचा गट घेतला तर ती सचोटी त्या बिचाऱ्याच्या अंगावर पडणार. डबल्समध्ये समोरची जोडी दुबळ्याला हेरते आणि प्रत्येक चेंडू त्याच्याकडे मारते. दिवसभर मार खायचा त्याने आणि मन स्वच्छ राहायचे माझ्या भाच्याचे! दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या सद्गुणाबद्दल मला नेहमीच शंका वाटत आली आहे. संसारातही हे दिसते. बाप तत्त्वाला जागतो आणि उपाशी पोरे राहतात. म्हणून गट निवडणे हा एकट्याचा निर्णय नाही. आपल्याला नेमके काय माहीत आहे ते जोडीदाराला सांगावे आणि दोघांनी मिळून ठरवावे.

आता दुसरी बाजू पाहू. खालच्या गटात खेळून कुणाचे काय बिघडते? स्पर्धेत कुणी तरी हरायचेच असते, असे म्हणणारे भेटतात. परंतु ३.५ च्या गटात नाव देणारा साधारण कोण असतो ते डोळ्यांसमोर आणा. दिवसभर काम करून संध्याकाळी तास-दीड तास खेळणारा माणूस. नोकरीतून निवृत्त झालेली बाई, जिने वर्षभरात पहिल्यांदाच चार लोकांसमोर उतरण्याचे धाडस केले आहे. त्यांनी प्रवेश फी भरली, दोन-तीन तास गाडी चालवून ते आले. त्यांनी मागितले होते एवढेच की आपल्यासारख्यांशी आपला कस लागावा. पहिल्या सामन्यात ११-१, दुसऱ्यात ११-२ असे हरून ते घरी जातात तेव्हा त्यांचे पदक गेले हे खरे नुकसान नसते. आपण ३.५ चे आहोत हा त्यांचा समजच डळमळतो. त्यांना वाटते, आपण समजत होतो त्याहून फार कमी आहोत. समोरचा माणूस स्वतःबद्दल खोटे बोलला आणि त्याची किंमत म्हणून ह्यांना स्वतःबद्दल खोटे समजले. पुढच्या वर्षी त्या बाई येत नाहीत. कुणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्या देशात हेच क्रिकेटमध्ये वयाच्या बाबतीत घडत आले आहे. सोळा वर्षांखालील संघात अठरा वर्षांचा मुलगा घुसवायचा, दाखल्यावर तारीख बदलून घ्यायची. म्हणून तर क्रिकेट मंडळाला मुलांच्या मनगटाचे एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवण्याची वेळ आली. २०१५ साली दिल्लीत पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड यांनी ह्या प्रकारावर कठोर शब्दांत टीका केली. त्यांचा एक मुद्दा मला विसरता येत नाही. ज्या प्रामाणिक मुलाची जागा असा थोराड मुलगा घेतो, तो मुलगा निराश होऊन कायमचा खेळ सोडून देण्याचा धोका असतो. पिकलबॉलच्या पदकात आणि मुलाच्या कारकिर्दीत फार अंतर आहे हे मला मान्य आहे. पण जागा कुणाची गेली, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

ह्यावर एक हुशार पळवाट ऐकायला मिळते, आणि आपल्या मंडळींना तर ती हमखास सुचेल. संत लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात येशूने मेजवानीला गेल्यावर मुख्य आसन न घेता शेवटच्या जागी बसायला सांगितले आहे ना? मग खालच्या गटात नाव देणे ही नम्रताच झाली की! माझ्या मते, हा दाखला इथे लावणे म्हणजे त्याचा अर्थच उलटा करणे होय. मेजवानीत शेवटच्या जागेवर बसणाऱ्याने कुणाचे काही घेतलेले नसते. ती जागा कुणाला नकोच असते. स्पर्धेत मात्र खालच्या गटाची जागा ज्यांची आहे, त्यांना तिच्याशिवाय दुसरी जागाच नसते. बलवान माणूस तिथे येऊन बसतो तेव्हा तो दुबळ्याच्या ताटातले वाढून घेत असतो. शिवाय तो शेवटच्या जागी बसतो तो तिथले पहिले बक्षीस दिसते म्हणून!

ह्या मुद्द्यावर जुन्या विचारवंतांनी आपल्या अपेक्षेहून बारीक विचार करून ठेवला आहे. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात स्वतःविषयी खरे बोलणाऱ्या माणसाला दोन टोकांच्या मध्ये उभे केले आहे. एका टोकाला बढाईखोर, आहे त्याहून जास्त सांगणारा. दुसऱ्या टोकाला स्वतःला कमी करून सांगणारा. ह्या दुसऱ्याबद्दल ॲरिस्टॉटलचे मत पुष्कळसे सौम्य आहे, कारण असा माणूस लाभासाठी तसे बोलत नसतो, त्याला फुशारकी टाळायची असते. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. सत्यवादित्वाच्या विरुद्ध असलेल्या दोषांची चर्चा करताना त्यांनी बढाई आणि खोटा कमीपणा अशा दोघांचाही विचार केला. एरवी बढाई अधिक वाईट, असे ते मानतात. पण पुढे एक अपवाद सांगतात: माणूस कपटाने फसवण्यासाठी स्वतःला कमी दाखवत असेल तर हा दोष बढाईपेक्षाही गंभीर ठरतो. तेराव्या शतकात बसून हे लिहिणाऱ्या माणसाने पिकलबॉलचे पॅडल पाहिले नव्हते, पण सँडबॅगर त्याने बरोबर ओळखला होता.

बढाईखोराविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, नाही तर वरच्या गटात नाव देणारा प्रत्येक जण साधू ठरेल. ३.५ चा माणूस मित्रांत मिरवता यावे म्हणून ४.५ मध्ये शिरतो. नियम त्याला अडवत नाही. तो सगळे सामने हरतो आणि म्हणतो, मी तर मोठ्या लोकांत खेळलो. पण समोरच्या दोघांना तासभर भिंतीशी खेळल्यासारखे वाटते. त्यांनीही फी भरलेली असते. मात्र हा माणूस आपल्या खोटेपणाची शिक्षा तिथल्या तिथे आणि स्वतःच भोगतो, म्हणून त्याच्यावर फार रागावता येत नाही. ज्याला खरोखर शिकायचे आहे, मार खाऊन सुधारायचे आहे, त्याने एक पायरी वर जाऊन पाहण्यात तर मला काहीच गैर दिसत नाही. जोडीदाराची तयारी असली म्हणजे झाले.

आणखी एक गोष्ट. खेळ म्हणजे काय, ह्यावर बर्नार्ड सूट्स नावाच्या कॅनडातील तत्त्वज्ञाने १९७८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की खेळात माणूस अनावश्यक अडथळे आपणहून स्वीकारतो आणि ते ओलांडण्याचा प्रयत्न करतो. चेंडू नेटपलीकडे टाकायचाच असेल तर चालत जाऊन हाताने ठेवून येता येतो. तसे आपण करत नाही, कारण अडथळ्यातच मौज आहे. हे खरे मानले तर आपल्याहून फार कच्चा प्रतिस्पर्धी शोधणारा माणूस अडथळाच काढून टाकतो. तो जिंकतो हे खरे, पण खेळतो का, हे सांगणे कठीण आहे. माझ्या भाच्याच्या पोरांना असे पदक दाखवले असते तर ती खूश झाली असती. “पप्पा, सामना कसा झाला?” असे मात्र त्यांनी विचारायला नको होते.

असो. भाच्याने जोडीदाराशी बोलणे केले. त्या माणसाने दोन दिवस विचार करून सांगितले की वरच्या गटात हरायला माझी हरकत नाही, फक्त मला दोष देऊ नकोस. दोघांनी ४.० मध्ये नाव दिले. चार सामन्यांत एक जिंकला, तीन हरले, त्यातला एक ११-३ असा. भाचा माझ्यावर आठवडाभर रागावला होता. “तुमचे ऐकले आणि पदक गेले”, असे त्याने आपल्या आईला सांगितले आणि तिने ते मला सांगितले. आता त्याचे सगळे सामने नोंदवलेले असतात एवढे मला कळले आहे. आकडा किती झाला ते मी विचारलेले नाही.

ह्या सगळ्या विचारात एक प्रकारचा माणूस बाजूला राहिला आहे, आणि मला त्याच्याबद्दल अधिक वाटते. तो म्हणजे वय झालेला चांगला खेळाडू. पन्नाशीत तो ४.५ चा होता, पदके मिळवली, लोक त्याला मानायचे. आता सदुसष्टी उलटली, एक गुडघा बदलला, बाजूला धावताना पाऊल जड पडते. स्पर्धांत वयाचेही गट असतात, पन्नाशीवरचे, साठीवरचे, त्यांचा थोडा आधार होतो. पण वयाच्या गटातही कौशल्याचे गट असतात, आणि त्याचा जुना आकडा तिथे त्याच्या आधी जाऊन उभा राहतो. बरेच दिवस तो खेळलेला नाही, म्हणून आकडाही हललेला नाही. खालच्या गटात नाव द्यावे तर नियम आड येतो. वरच्या गटात द्यावे तर अंग साथ देत नाही.

त्याच्यापुढे सरळ वाट एकच उरते. जमेल तेवढे जोर लावून सर्वांदेखत खेळायचे, हरायचे, ते सामने नोंदवायचे आणि आकडा उतरू द्यायचा. ह्याला काही महिने जातात. आणि ह्या महिन्यांत बाहेरून पाहणाऱ्याला त्याच्यात आणि मुद्दाम हरणाऱ्या सँडबॅगरमध्ये फरक दिसत नाही. दोघेही हरतात, दोघांचेही आकडे खाली येतात. क्लबमध्ये कुजबुज सुरू होते: म्हातारा पदकासाठी नाटक करतो. आयोजकाला कळत नाही, संगणकाला तर कळण्याचा प्रश्नच नाही. तो चेंडू सोडला की सुटला, हे त्याचे त्याला ठाऊक असते. फार तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराला कळते, कारण त्याने ते पाऊल उचलताना आणि न पोचताना जवळून पाहिलेले असते.

असा जोडीदार मिळणे सोपे नाही. तीन-चार महिने, जवळजवळ प्रत्येक शनिवारी, आपलाही आकडा खाली जातो आहे हे माहीत असताना, एका म्हाताऱ्या मित्राबरोबर कोर्टावर हरायला यायचे असते. अशी माणसे आहेत. भाचा सांगत होता, त्यांच्या बागेत एक बाई आहेत, त्या गेल्या हिवाळ्यात हेच करत होत्या.